सायकलीला खुंटा हवा

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारा कारागीर सकाळी सायकल बंदरावर ठेवतो आणि लाँच पकडतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतच्या लोकलचे उद्घाटन झाले. बेलापूर-नेरुळकडे कामाला जाणाऱ्यांनाही आता स्टेशनाजवळ सायकल ठेवायची असते. संध्याकाळी ती जागेवर सापडेल की नाही, हा घोर दिवसभर मनात राहतो. सायकल गेली तर दुसऱ्या दिवशीच्या रोजीचे काय?

आमचीही एक सायकल अशीच गेली. कुलूप लावलेले होते. पण चाकाचे कुलूप चाक फिरू देत नाही एवढेच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला ते आड येत नाही. तेव्हापासून आम्ही आधी खांब शोधतो, मग कुलूप काढतो.

व्यापारी बांधवांनी यात आपलाही फायदा पाहावा. एका मोटारीच्या जागेत सुमारे दहा सायकली मावतात, म्हणजे दहा गिऱ्हाईके. सायकलवाला एका वेळी थोडेच नेतो, पण वरचेवर येतो आणि जिथे निर्धास्त उतरता येते तिथेच थांबतो. पाच-दहा मिनिटांसाठी येणाऱ्या या माणसाला खुंटा दाराजवळ, गल्ल्यावरून दिसेल असा हवा. मागच्या बोळात केलेली सोय चोराच्याच कामी येते.

पुढचे चाक खाचेत अडकवायचा स्टँड आम्हाला पसंत नाही. धक्का लागला की रिम वाकते, शिवाय त्यात साखळी पुढच्या चाकालाच बांधता येते. मग चाक तिथेच राहते आणि बाकीची सायकल जाते! साखळी फ्रेमला बांधता आली पाहिजे.

त्यासाठी उलट्या ‘यू’च्या आकाराचा खुंटा उत्तम. हे काम आपल्या वेल्डिंगवाल्या कारागिरांच्या हातचे आहे. दोन इंची जीआय पाइप घ्यावा. जमिनीवर उंची पाऊण मीटर, लांबीही तेवढीच. दोन्ही पाय फूटभर काँक्रीटमध्ये गाडावेत. नटबोल्टने बसवलेला खुंटा रात्री पान्याने सुटतो. दोन्ही अंगांना एकेक सायकल टेकते. दोन खुंट्यांत १ मीटर अंतर ठेवावे आणि भिंतीकडचे टोक भिंतीपासून दोन फूट लांब असावे, नाहीतर चाक भिंतीला अडते. उरणची हवा खारी. वेल्डिंगच्या जोडावर जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून शक्य तर पाइप वाकवून घ्यावा. जोड द्यावाच लागला तर त्यावर जस्ताचा प्रायमर मारावा.

बंदर आणि स्टेशनची गोष्ट निराळी. तिथे सायकल दिवसभर उभी राहते. मोऱ्याला ओहोटीने लाँच अडकली तर रात्रही होते. तिथे छप्पर, दिवा, राखणदार आणि नंबरी बिल्ला हवा. हॉलंडमधील उट्रेख्ट स्टेशनाखाली २०१९ साली १२,५०० सायकलींचा तळ पूर्ण झाला आणि पहिले २४ तास तिथे पैसे पडत नाहीत. आपल्याला एवढे नको. पन्नास सायकलींना पंचवीस खुंटे पुरतात.

दुकानापुढची जागा स्वतःची असेल तर काम लगेच करता येते. फुटपाथ किंवा रस्ता असेल तर आधी नगरपरिषदेची लेखी परवानगी घ्यावी. अर्जाला मापांसह नकाशा जोडावा, आणि शेजारच्या चार दुकानदारांच्या सह्याही घ्याव्यात. त्याच अर्जात मोटारसायकलींना वेगळी जागा मागावी, नाहीतर आठवडाभरात खुंट्यांपुढे त्याच उभ्या दिसतील.