राखलेल्या खाडीची परीक्षा

आपल्या कोलशेतला उल्हास नदीच्या खाडीचा शेजार आहे. तिला अरुंद फांट्यानें जोडलेल्या ठाण्याच्या खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटर भाग सरकारनें २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ सालीं ती खाडी रामसर करारांतील पाणथळ स्थळांच्या यादींतही आली. परंतु शाळेच्या पटावर नांव चढल्यानें मुलगा विद्वान होतो काय?

राखणीची परीक्षा घेतांना निसर्गरक्षक सहा प्रश्न विचारितात. स्थळाचें मोल काय व संकटें कोणतीं? योजना आहे काय? माणसें व पैसा पुरेसा आहे काय? काम रीतसर चालतें काय? ठरलेलें काम पार पडलें काय? आणि ज्यासाठीं हा खटाटोप, तें सुस्थितींत राहिलें काय? पहिल्या पांचांचीं उत्तरें बहुधा दप्तरांत मिळतात. सहाव्याचें चिखलांत उतरून शोधावें लागतें.

तेथेंही घाई नको. रोहित पक्षी शेवाळ खातात, आणि शेवाळ शहराच्या सांडपाण्यानेंही फोफावतें. म्हणून पक्षी पुष्कळ दिसले एवढ्यावरून खाडी निरोगी आहे, असें अनुमान काढूं नये. पाणी, मासे, खेकडे व तिवरें यांचीही दरवर्षीं नोंद हवी.

सांडपाणी हद्दीचा फलक वाचीत नाहीं. तें आपल्याच घरांतून निघतें. तेव्हां पालकहो, या परीक्षेस वनखात्याबरोबर आपणही बसलों आहों. येत्या सुटींत मुलांसह एवढें शोधावें : आपल्या मोरीचें पाणी अखेर कोठें जातें?