फुलसावंगीहून परदेशात आलात? लेकराला घरी एकटं ठेवण्याआधी

फुलसावंगीत कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप सकाळीच वावरात जातात आणि शाळेतून आलेलं लेकरू आपलं आपण वाढून घेऊन जेवतं. पण ते एकटं नसतं. ओसरीवर आजी असते, आजी नसली तर शेजारची काकू दोनदा डोकावते, आणि पोरगं कुणाकडे खेळायला गेलं हे गल्लीत चार जणांना ठाऊक असतं. इथे दार ओढलं की लागतं आणि शेजाऱ्याचं नाव महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून ‘आम्ही त्या वयात गुरं राखायचो’ हा हिशेब इथे लावू नका, एवढी इथे रुळलेल्या आम्हा कुटुंबांची पहिली विनंती.

आधी तुम्ही राहता तिथला नियम विचारून घ्या. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी वय ठरवलेलं नाही. मेरीलँडमध्ये मात्र ८ वर्षांखालचं मूल घरात किंवा गाडीत एकटं ठेवता येत नाही, आणि त्याच्याजवळ थांबणारं माणूस निदान १३ वर्षांचं लागतं. १० वर्षांच्या ताईने ५ वर्षांच्या भावाला सांभाळणं आपल्याकडे रोजचं. तिथे ते चालत नाही. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाची नीट सोय न करता त्याला गैरवाजवी वेळ सोडून गेलात, तर तो गुन्हा ठरतो. ब्रिटनच्या कायद्यात वय नाही, पण मुलाला धोका होईल असं सोडलं तर खटला होऊ शकतो. तिथली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था १२ वर्षांखालच्या मुलांना फार वेळ, आणि १६ खालच्यांना रात्रभर एकटं ठेवू नका, असं सांगते.

वय बसलं म्हणजे झालं, असंही नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी घरातच तालीम घेतली. सगळ्यात महत्त्वाची ती धुराच्या अलार्मची. आपल्या फोडणीने तो अधूनमधून वाजतोच. अशा वेळी तुम्ही टॉवेल हलवत धावू नका, लेकरू काय करतं ते बघा. कानावर हात ठेवून जागीच थिजलं, तर अजून वेळ आहे. खरी आग असेल तर दप्तर, मोबाइल, चपला काही न शोधता बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. अमेरिका-कॅनडातली पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची असतात. आग झपाट्याने पसरते.

आणीबाणीचा नंबर अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. नंबर सगळ्या मुलांना पाठ असतो. अडतं ते पत्त्याशी. घर नंबर, रस्ता, अपार्टमेंटचा आकडा इंग्रजीत, घाबरलेलं असतानाही सांगता यायला हवा. सराव बंद फोनवर करा. चुकून खरा फोन लागलाच तर कट करू नये, ‘चुकून लागला’ असं सांगावं, हेही शिकवा.

पहिल्यांदा १५ मिनिटंच जा, तेही दिवसा. गॅस पेटवायचा नाही, दार वाजलं तरी उघडायचं नाही, आईबाबा बाहेर आहेत हे फोनवर कुणाला सांगायचं नाही. परत आल्यावर ‘भीती वाटली का?’ हे सहज विचारा. हो म्हणालं तर ‘एवढं मोठं झालंस’ म्हणून त्याला गप्प करू नका. काही मुलं १० व्या वर्षी निवांत राहतात, काहींना १३ व्या वर्षीही नको वाटतं.

गाडीचं मात्र कसलंच वय धरू नका. ‘दूध घेऊन पाच मिनिटांत येते’ म्हणत लहान मुलाला पार्किंगमध्ये सोडू नका. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सिअसने तापू शकते.

आणि दोघंही नोकरी करणार असाल, तर आल्या आल्या शाळेच्या ऑफिसात शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघराची चौकशी करा. जागा लवकर भरतात. बर्फामुळे शाळा अचानक बंद झाली तर मुलाला कोण नेईल, अशा दोन घरांची नावं शाळेच्या फॉर्मवर त्याच दिवशी लिहून द्या.