कॅमेरा घडवणारी शाळा

उद्योजकता शिकून माणूस नवे शोधू लागतो का? उत्तरासाठी कोल्हापुरात घडलेल्या एका यंत्राकडे पाहू.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची ख्याती होती. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. पण बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार झाला.

यात अवघड ते काय? फिल्म सारखी सरकत राहिली, तर चित्र फरफटलेले येते. म्हणून फिल्म क्षणभर थांबते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते आणि मगच फिल्म पुढे सरकते. मूकपटासाठी सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत. प्रत्येक चित्राला फिल्मची सुमारे १९ मिलिमीटर लांबी लागते. म्हणजे एका सेकंदात १६ वेळा थांबत थांबत फिल्म ३०४ मिलिमीटर पुढे जायला हवी! हे अंतर किंचित कमीजास्त झाले, तरी पडद्यावर चित्र थरथरते. तत्त्व पुस्तकात मिळते. अचूकता मात्र घडवणे, तपासणे आणि पुन्हा घडवणे यांतूनच येते.

आता हिशेब पाहा. या गतीने एका मिनिटाला सुमारे १८ मीटर फिल्म खर्च होते. चुकलेला प्रत्येक प्रसंग म्हणजे पैशाचे नुकसान. बाबूराव वेशभूषेची आणि पात्रांच्या हालचालींची रेखाचित्रे आधीच काढून ठेवत. पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने चित्रपटात मात्र सपाट पडद्यांऐवजी उभे देखावे आणले. गरज, अडचण आणि जमाखर्च ही तिन्ही एकाच माणसापुढे आली की डोके नवी वाट शोधू लागते. उद्योजकतेच्या शिक्षणाचे मर्म हेच.

बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही अशीच एक शाळा ठरली. तेथे तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. दोनच वर्षांत बोलपट आला. जुने कौशल्य अपुरे पडू लागले. पण ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला आणि ध्वनिमुद्रणाची बाजू दामले यांनी सांभाळली. एक यंत्र हाताने घडवलेला माणूस दुसऱ्या यंत्राला भीत नाही.

वर्गात करून पाहा

१. चौघांचा गट करा. शाळेतली किंवा घरातली एक अडचण निवडा. ती ज्यांना भेडसावते अशा दहा जणांशी बोला.

२. पन्नास रुपयांच्या आत तिच्यावर उपाय करणारी वस्तू बनवा. खर्च वहीत मांडा.

३. वस्तू आठवडाभर वापरायला द्या. तक्रारी लिहून घ्या आणि वस्तू पुन्हा बनवा.

शिक्षकांनी गुण पहिल्या वस्तूला देऊ नयेत. दुसऱ्या वस्तूत झालेल्या सुधारणेला आणि वहीला द्यावेत. प्रयोगशाळेत बहुधा उत्तर आधीच ठाऊक असते. येथे ते कोणालाच ठाऊक नसते, म्हणून विचार करावाच लागतो.

प्रश्न : बोलपटात सेकंदाला २४ चित्रे घेतात. मग एका मिनिटाला किती मीटर फिल्म लागेल? खर्च कितीपट वाढेल?