बोली लावण्याआधी

निर्मळ, ता. वसई
कार्तिक वद्य दशमी

चि. रोहन,

उद्या एकादशी. जत्रेला सुरुवात झाली की पाहुण्यांतून उसंत मिळणार नाही, म्हणून आजच लिहितो.

पहिल्या पगारातून मुंबईच्या लिलावात बोली लावायची म्हणतोस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण १९३९ च्या रुपयाला मिळालेली किंमत वाचून तू आजीच्या रुपयांचा हिशेब मांडलास, तो मनातून काढून टाक. लिलावात निघते ती त्या एका नाण्याची किंमत. त्याच राजाच्या दुसऱ्या नाण्याला ती लागू होत नाही.

१९३९ चा रुपया महाग, कारण त्या सालचे फारच थोडे रुपये आज उरले आहेत. शिवाय जुन्या चांदीचा तो शेवटचा; १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. दुर्मीळ म्हटलं की खोटंही आलंच. सालाचा शेवटचा आकडा कोरून बदललेली नाणी बाजारात फिरतात. म्हणून आधी वजन कर. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. वजन बरोबर आलं तरी भिंगाखाली तो नऊ नीट पाहा. भोवतालचा पृष्ठभाग खरवडलेला दिसला तर हात लावू नकोस.

आजीच्या रुपयांतला एक आता माझ्यासमोर आहे, १९१८ चा, पंचम जॉर्जचा. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासल्यामुळे तो लखलखतो, पण राजाच्या दाढीचे केस पार सपाट झालेत आणि मुकुटाच्या वर, कडेला, डाकेचा करडा ठिपका आहे. कधीतरी कडी लावून तो गळ्यात घातला असणार. १९१८ चे रुपये टांकसाळीतून भरमसाट निघाले होते. त्यात हा घासलेला आणि डाक दिलेला. संग्राहक त्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त देणार नाही. हाच रुपया चलनात न फिरलेला, मूळची झळाळी असलेला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा उरलेले रुपये कृपा करून घासू नकोस. काळवंडलेले आहेत, तसेच राहू देत.

बोलीचं म्हणशील, तर यादीतला अंदाज आणि हातोडा पडतो ती रक्कम यांच्यावर विसंबू नकोस. वर लिलावघराचं कमिशन आणि जीएसटी येतो. सगळं धरून तुझी शेवटची मर्यादा घरीच कागदावर लिही आणि ती ओलांडू नकोस. दोघे हट्टाला पेटले की किंमत कुठल्याकुठे जाते आणि पुढच्या वर्षी तेच नाणं निम्म्यात विकलं जातं. टोडीवाला, ओसवाल या लिलावघरांच्या जुन्या लिलावांचे निकाल पाहायला मिळतात. एकाच नाण्याचे निदान पाच-सहा निकाल शेजारी मांड, फोटो ताडून पाहा, मग आकडा ठरव. लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात, त्या दिवशी स्वतः जा. आणि जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा, असा फोन आला तर सरळ ठेवून दे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं आहे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. आपल्या भागात विहीर खणताना, वाडी नांगरताना नाणी निघाली की लोक ती गुपचूप विकायला आणतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघालेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण मला कायद्यापेक्षाही दुसरं सांगायचंय. १८८२ मध्ये संशोधक भगवानलाल इंद्रजींनी आपल्या भागातल्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा तिथे सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. कुठे मिळालं हे ठाऊक आहे, म्हणून ते सोपाऱ्याच्या इतिहासाचा पुरावा झालं. तेच एखाद्याने खिशात घालून विकलं असतं, तर आज यादीत एक लॉट नंबर आणि वजन एवढंच उरलं असतं. असं नाणं कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस.

पुढच्या लिलावाची यादी आली की मनात भरलेल्या लॉटचे नंबर आणि तुझी मर्यादा मला कळव. त्या नाण्यांवर आपण फोनवर बोलू.

तुझा
मामा