बऱ्हाणपूरला जातेस तर डबा अर्धाच भर

अगं, फोनवर तू यादी वाचत होतीस आणि मी ऐकतच राहिले. दशम्या, तिळाची चटणी, चिवडा, लोणच्याची बाटली, वर पोरांसाठी नूडल्सची पाकिटं. बऱ्हाणपूरला निघालीस की बद्रीनाथला? डबा ने, नको म्हणत नाही. गाडी लेट होते, पोरं भुकेजतात, तेवढ्यापुरता असावा. पण अर्धाच भर.

तुला म्हणून सांगते, आपण प्रवासात फार भीत भीत खातो. किल्ला पाहायला तीन तास, फोटोंना एक तास, आणि जेवायला स्टेशनासमोरचं पहिलं 'शुद्ध शाकाहारी'. तिथे पनीर बटर मसाला, दाल फ्राय, जीरा राईस, म्हणजे तुझ्या घराखालच्या हॉटेलात मिळतं तेच. मग परत येऊन म्हणायचं, गाव छान आहे पण खाण्याचे हाल झाले. बऱ्हाणपूरबद्दल असं कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी पकडलीस की रावेरनंतर राज्य बदलतं, पण खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा काही बदलत नाहीत. हा जुना खानदेशच. फारुकी सुलतानांची राजधानी इथे होती. 1601 साली जवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेला आणि मग बऱ्हाणपूर मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं झालं. 1760 साली उदगीरला निजाम हरला, तेव्हा हे शहर मराठ्यांकडे आलं. विणकर, बोहरी व्यापारी, गुजराती, निमाडी, आपल्याकडचे लेवा आणि मराठे, सगळे इथेच राहिले आणि इथेच जेवले. त्यामुळे या गावाचं एक असं ताट नाही. एका हॉटेलात बसून 'इथलं स्पेशल काय' विचारशील तर वेटर बिचारा पनीरच सांगेल. इथे पदार्थ गल्लीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे मिळतात.

म्हणून पहिल्या सकाळी हॉटेलातला नाश्ता घेऊच नकोस. उठून थेट राजघाटावर जा. स्टेशन लालबागेत, गावापासून जरा लांब आहे, रिक्षा करावी लागेल. घाटावर शाही किल्ल्याची भिंत वर, खाली ताप्ती. आपण तापी म्हणतो, तिथे ताप्ती म्हणतात, आणि आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती होते. सकाळी लोक स्नानाला, पूजेला आलेले असतात. पलीकडच्या तीरावर जैनाबाद. मुमताज महल 1631 च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरातच गेली आणि आधी तिकडच्या आहुखाना नावाच्या बागेत तिला पुरलं होतं, ताजमहाल नंतरचा. पोरांना ही गोष्ट तिथेच सांग, पुस्तकातल्यापेक्षा लवकर कळेल. आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून काही खाऊ नका. लोकांची पूजेची जागा आहे, आपल्या द्रोणांनी ती घाण व्हायला नको.

घाटावरून गावात चालत आलीस की पोहे-जिलबीची वेळ झालेली असते. ही मध्य प्रदेशाची सकाळ. आपले पोहे लिंबू-खोबऱ्याचे, यांच्यावर शेव येते आणि शेजारी गरम जिलबी. नाक मुरडू नकोस. तिखट घास, गोड घास, मध्ये चहा, असं खाऊन बघ. पण ही साधी जिलबी हं, बऱ्हाणपूरची ती वेगळी.

ती मावा जिलबी. खवा घालून केलेली, जाड वेढ्यांची, तळून पार काळपट तपकिरी झालेली आणि पाकात मुरलेली. कुरकुरीत नसते, चवीला गुलाबजामच्या जवळची. मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानात हिच्यासाठी गर्दी होते, तिथेही ती बऱ्हाणपूरच्याच नावाने विकली जाते. तोलून मिळते, आणि इथेच बायका फसतात. आपल्या सवयीने 'अर्धा किलो द्या' म्हणशील आणि चौघांत ती संपणार नाही. शंभर ग्रॅम घे, गरम घे, उभ्याने खा. आवडली तर पुन्हा मागता येते, कुणी हसत नाही.

आता मांडे. मांडे म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर पुरणाचे येणार, आखाजीला खापरावर टाकलेले, आमरसात बुडवून खाल्लेले. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले ते मांडे, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मुक्ताबाईचं मुक्ताईनगर इथून फार लांब नाही, बरं का. पण बऱ्हाणपुरात मांडा मागितलास तर पुरण येणार नाही. पातळ, रुमालासारखी, ताटाबाहेर जाणारी रोटी येईल. सैल मळलेला गोळा कारागीर या हातावरून त्या हातावर असा फिरवतो की पाहता पाहता तो परातीएवढा होतो, मग उपड्या घातलेल्या तापल्या भांड्यावर फेकतो. मोगल फौजेला झटपट पोटभर देता यावं म्हणून हे सुरू झालं, असं गावात सांगतात. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण लग्नाच्या पंगतीत मांड्यांची चवड आजही लागते.

इथे तू अडखळणार, मला माहीत आहे. सोबत तुझ्या सासूबाई, त्या माळकरी. मांडा बहुतेक ठिकाणी मटणाच्या रश्श्याबरोबर खातात, आणि जिथे मिळतो तिथे शेजारी कबाबही असतात. त्यांना जबरदस्ती तिथे नेऊ नकोस आणि लपवूनही काही खाऊ घालू नकोस. असले विनोद घरात वर्षानुवर्षं डाचतात. त्या खोलीवर दुपारी आडव्या झाल्या की तू आणि भाऊजी जा. तू मांसाहार करत नसशील तर नुसते मांडे बांधून घे, डाळीबरोबर खा, फार छान लागतात. कारागीर भट्टीवर मांडा फेकतो ते पोरांना मात्र जवळून दाखव. फोटो काढायच्या आधी त्याला विचार. काम करणारा माणूस आहे, आपल्यासाठी उभा केलेला देखावा नाही.

सासूबाईंना काय, ते सांगते. परतताना किंवा असीरगडाला जाताना इंदूर-इच्छापूर रस्त्याला लागशील. तिथल्या ढाब्यांवर शेव टमाटर मिळतं आणि शेवभाजीही मिळते, आणि दोन्ही एकच समजू नकोस. शेव टमाटर टोमॅटोच्या आंबटगोड रश्श्यातलं, शेवभाजी आपल्या खानदेशी काळ्या मसाल्याची, तर्रीवाली, डोळ्यांतून पाणी काढणारी. 'तिखट कम' आधीच सांग. त्यांच्यासाठी भरीत आणि भाकरी मिळते का ते विचार. थंडीत गेलात तर हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात, मग त्या तुझ्या दशम्यांचं नावसुद्धा काढणार नाहीत.

विचारायचं कसं, हाही प्रश्नच असतो. रिक्षावाल्याला 'चांगलं हॉटेल कुठलं' विचारलंस की तो तुला एसीवाल्याकडे नेणार, कारण त्याच्या लेखी शहरातल्या बाईला तेच चांगलं. त्यापेक्षा विचार, 'तुमच्याकडे पाहुणे आले की बाहेरून काय आणता?' मग माणूस खुलतो. साडीच्या दुकानात विचार, किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला विचार. मराठी कळतं बऱ्याच जणांना, हिंदीत गडबडून जायची गरज नाही.

आणि काही गोष्टी विकत मिळत नाहीत, तेही मान्य कर. दर्गाह-ए-हकीमीला जाशील, बोहरी लोकांचं मोठं श्रद्धास्थान आहे, बाग अतिशय नेटकी ठेवलेली. त्यांच्यात एका थाळाभोवती सगळे बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून जेवायला सुरुवात करतात. ते जेवण त्यांच्या घरचं आणि त्यांच्या यात्रेकरूंचं. कुणी आग्रहाने बोलावलं तर जा, पण 'आम्हालाही बघायचंय' म्हणून दारात उभी राहू नकोस. डोक्यावर ओढणी घे, दर्शन घे, बाहेर पड.

पोटाचं म्हणशील तर फार बाऊ करू नकोस, पण डोळे उघडे ठेव. जिथे कढई सतत चालू आहे आणि माल समोर संपतोय तिथे खा. चकचकीत काउंटर आणि रिकामी खुर्ची दिसली की पुढे चाल. चिरलेली फळं आणि बर्फ टाळ. पाणी आपलं बाटलीतलं. बाथरूमला मात्र हॉटेलवरूनच जाऊन निघ. जुन्या गावातल्या छोट्या दुकानांत बाईमाणसाची ती सोय क्वचितच असते, आणि त्या एका कारणाने आपण अर्धा दिवस चहासुद्धा पीत नाही. हे कुठल्या प्रवासवर्णनात लिहीत नाहीत, म्हणून मी सांगते.

एकटी एखाद्या दुकानात शिरलीस आणि सगळी पुरुषमाणसं वळून बघायला लागली, तरी उठून येऊ नकोस. दोन मिनिटं बघतात, मग आपापल्या ताटात डोकं घालतात. मालकाकडे तोंड करून बस, काय हवं ते मोठ्याने सांग. हे मी भुसावळच्या बाजारातही करते आणि तिथेही करते.

येताना काय आणायचं, हे शेवटी विचारलं होतंस ना? केळीचे वेफर्स आण, ते सगळ्यांना पुरतात. मावा जिलबी आणू नकोस, दुसऱ्या दिवशी पाक थिजतो आणि तिची सगळी मजा जाते. ती तिथेच खायची. माझ्यासाठी दराबा आण. रवा, साखर आणि फेसून फेसून पांढरं हलकं केलेलं तूप, बाकी काही नाही. आपल्याकडे दराब्याचे लाडू करतात, पण बऱ्हाणपूरचा मोकळा दराबा जिभेवर ठेवला की विरघळतो, आणि डब्यात चार दिवस नीट राहतो. पाव किलो पुरे. आणि तू अर्ध्या भरलेल्या डब्यात जागा ठेवली आहेसच.