बिल्टीवर नाव कोणाचं?

पुण्याहून गुरुग्रामला बदली झाली. गाडी एवढ्या लांब चालवत न्यायची नव्हती, म्हणून नेटवर चौकशी करून एका ठिकाणी नंबर टाकला आणि फोनचा भडिमार सुरू झाला. सगळ्यांचं ऑफिस ‘ऑल इंडिया’, सगळे ‘सर, टेन्शन घेऊ नका’ म्हणणारे, पण दरात जवळजवळ दुपटीचा फरक. मी मधला दर धरला. पुढे उलगडत गेलं ते असं : माझ्याशी बोलणारा नुसता बुकिंग घेणारा, गाडी घरून नेणारा ड्रायव्हर दुसऱ्याचा, यार्ड तिसऱ्याचं आणि ट्रेलर चौथ्याचाच.

गाडी यार्डात पोचली आणि सूर बदलला. ट्रेलर पूर्ण भरला नाही, डिझेल महागलंय, जीएसटी धरलाच नव्हता. वरचे पैसे टाका, नाहीतर गाडी इथेच राहील आणि यार्डाचं भाडंही लागेल. या धंद्यातला हा जुना डाव आहे. गाडी त्यांच्या ताब्यात असते, म्हणून लोक मुकाट्याने पैसे भरतात. कोटेशनमध्ये ‘जीएसटी व टोलसह, घरपोच’ हे शब्द मी ईमेलवर लिहून मागितले होते. तोच ईमेल परत पाठवला आणि ग्राहक आयोगात तक्रार करणार असल्याचं लेखी कळवलं. त्यानंतर गाडी हलली.

ती आली रात्री उशिरा. ड्रायव्हरला सहीची घाई. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर पुढच्या बंपरची खालची कड रॅम्पवर घासून खरवडलेली, सीट पार मागे सरकवलेली, दाराच्या कप्प्यात गुटख्याची रिकामी पुडी. मीटरचा आकडा माझ्या फोटोतल्या आकड्याच्या बराच पुढे. म्हणजे ट्रेलरवर चढण्याआधी किंवा उतरल्यावर गाडी कुणीतरी भरपूर फिरवली होती. पोच पावतीवर हे सगळं लिहिलं, त्याखाली ड्रायव्हरची सही घेतली आणि मगच माझी केली. बंपरच्या रंगकामाचे पैसे राहिलेल्या हप्त्यातून वळते करून घेता आले ते त्या शेऱ्यामुळेच.

म्हणून गाडी पाठवणाऱ्यांनी दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, कोणाच्या नावाची मिळेल? रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार माल वाहून नेणाऱ्या वाहतूकदाराची नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक मागा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की फर्मचं नाव, पत्ता दिसतो. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर फिरवून दुकान थाटणारे पुष्कळ आहेत. ते इथेच उघडे पडतात. पैसे फर्मच्या खात्यावरच भरा, कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर नको. निम्म्याहून अधिक रक्कम गाडी हाती आल्यावर द्यायची, हे आधीच ठरवा.

बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घ्या. तसं केलं नाही आणि जादा जोखमीचा दर भरला नाही, तर रस्ते वाहतुकीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे नुकसानीची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीवर अडते. 15 हजार भाडं असेल तर दीड लाख. गाडी आठ लाखांची असली तरी.

विम्याच्या नावाखाली पैसे घेतात, पॉलिसी मात्र दाखवत नाहीत. आपल्या नावाचं ट्रान्झिट विम्याचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ते पैसे देऊ नका. गाडीची स्वतःची सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर तीही वाचा. तिच्यात रस्त्याने किंवा रेल्वेने गाडी नेताना होणारं नुकसान सहसा धरलेलं असतं, मात्र क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. नुसता थर्ड पार्टी विमा इथे उपयोगाचा नाही.

गाडी देण्यापूर्वी धुऊन घ्या. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. दिवसाउजेडी चारही बाजूंनी, छताचा आणि मीटरचा व्हिडिओ काढा. पेट्रोल पाव टाकीच ठेवा. फास्टॅग काढून ठेवा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या गाडीचाही टोल कापला जाऊ शकतो. डिकीत घरसामान भरू नका. ते विम्यात येत नाही आणि हरवलं तर कुणी दाद देत नाही. आरसीची मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स पुरते.

नुकसान झालंच, तर तोंडी भांडत बसू नका. बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ग्राहक संरक्षणाच्या 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत.

परराज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर गाडीची तिथे फेरनोंदणी करावी लागते. त्यासाठी लागणारं आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घेतलं तर पुढची धावपळ वाचते.

बाकी काही जमलं नाही तरी एवढं पाळा : नाव, किंमत आणि मीटरचा आकडा लिहिलेली बिल्टी हातात पडल्याशिवाय गाडीची किल्ली कुणालाही देऊ नका.