झ्लाटे शेळी

मुलांनो, उर्दूप्रमाणे यिडिश भाषाही उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची लिपी हिब्रू आहे. पूर्व युरोपातील ज्यू लोकांची ही घरची भाषा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत यिडिश बोलणारे लाखो लोक होते.

आयझॅक बाशेविस सिंगर १९३५ साली पोलंडहून अमेरिकेला गेले. पण तेथेही ते यिडिशमध्येच लिहीत राहिले. त्यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक १९६६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यातील एक गोष्ट अशी :

हनुका हा ज्यूंचा सण जवळ आला होता. घरात पैसे नव्हते. म्हणून वडिलांनी म्हातारी शेळी झ्लाटे खाटकाला विकायचे ठरवले. बारा वर्षांचा आरोन तिला घेऊन निघाला. वाटेत हिमवादळ सुरू झाले. दोघांनी गवताच्या गंजीत तीन दिवस काढले. झ्लाटे गवत खात असे आणि आरोन तिचे दूध पीत असे. तिच्या उबेमुळे तो वाचला. घरी परतल्यावर तिला विकण्याचे नाव कोणी काढले नाही.

१९७८ साली सिंगर यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उपक्रम : आजीकडून ऐकलेली एखादी उर्दू गोष्ट मराठीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.